बांधावरच्या निंबाची गाठ

खोली दाखवण्याआधी नानांनी मला विचारलं होतं, तुमच्या माहेरच्या दारात कोणतं झाड आहे? मी जळगावात नवी होते. ज्युनिअर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मेहरूणच्या बाजूला खोली शोधत उन्हात फिरून पार वैतागले होते. आधीच्या घरमालकांनी लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, पाहुणे किती येतात, असलं सगळं विचारून झालं होतं. झाडाचं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आंबा आहे. लगेच दुसरा प्रश्न आला, त्याला कुठे आवाळू आलंय का?

म्हातारा कामातून गेलेला दिसतो, असं मनात म्हणून मी काढता पाय घेणार होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, बाहेर आल्या.

"झाडवरनी गाठ इचारी ऱ्हायनात," त्या म्हणाल्या. "तू नही म्हन आनि खोली देखी ले."

मी नाही म्हटलं आणि खोली पाहिली. पुढची सहा वर्षं मी त्या घरात वरच्या मजल्यावर राहिले. त्या सहा वर्षांत भाडेवाढीचा विषय एकदाही निघाला नाही आणि गाठींचा विषय एक दिवसही चुकला नाही.

झाडाच्या खोडावर कधी कधी एक फुगीर गाठ येते. लोक तिला आवाळू म्हणतात आणि जळणासाठी खोड फोडताना शिव्या घालून बाजूला टाकतात, कारण त्या गाठीत कुऱ्हाड चालत नाही. आतले तंतू सरळ जातच नाहीत. ते गरगर फिरतात, एकमेकांत घुसतात, मधे मधे हरभऱ्याच्या दाण्याएवढे डोळे असतात. अशी गाठ खरादावर, म्हणजे लाकूड कातायच्या लेथवर, चढवून पटाशीने कातली, घासली आणि तेल पाजलं की जो वाडगा निघतो, त्याची नक्षी कोणा माणसाला काढता येणार नाही. नानांनी उभी हयात कारखान्यात लोखंड कातलं होतं. लोखंड सगळं सारखं असतं, त्यात पाहण्यासारखं काही नाही, असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटार आणली, अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली स्वतःचा खराद उभा केला, आणि तेव्हापासून त्यांचं कोणाशी धड बोलणं झालं नाही, असं अक्कांचं म्हणणं होतं.

ते पूर्ण खरं नव्हतं. नाना बोलत, पण माणसाकडे बघून बोलत नसत. लग्नाला गेले तर मांडवाच्या मागचं झाड बघत. स्कूटरवर मागे बसले की चालवणाऱ्याच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावत आणि रस्त्याकडेच्या एखाद्या चिंचेला हात लावून येत. पत्ता सांगायची त्यांची रीत मला फार महागात पडली. एकदा मुलांची सहल मुक्ताईनगरला न्यायची होती, तेव्हा मी त्यांना वाटेतल्या एका शेताचा रस्ता विचारला. ते म्हणाले, दोन आवाळूंच्या बाभळीनंतर उजवीकडे वळा. चाळीस मुलं बसमध्ये घेऊन मी बाभळी मोजत बसले होते. ती बाभूळ सापडली, हे मात्र सांगायला हवं.

त्यांचा एक नेम होता. उभ्या झाडाची गाठ ते कापत नसत आणि कोणाला कापू देत नसत. झाड आपण होऊन पडलं, किंवा रस्तारुंदीत गेलं, तरच. खान्देशातल्या कुठल्या झाडावर कुठे किती मोठी गाठ आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. पिंपळनेरकडचा अंजन, लळिंग घाटाखालचा धावडा, मेहरूण तलावाच्या काठचा शिरीष, सगळ्यांची ते नातेवाइकासारखी खबर ठेवत. झाड पडल्याचं कळलं की पांढरी टोपी घालून निघत. तिथे जाऊन आधी झाडाच्या मालकाजवळ गप्प बसत, मग चहा घेत, आणि निघताना गाठीचं विचारत. मालकाला वाटे, कोणीतरी सुतक भेटायला आलंय.

वनस्पतीशास्त्राची बाई घरात भाडेकरू आली याचा त्यांना आनंद झाला होता, पण तो त्यांनी दाखवला नाही. उलट परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, तुमच्या पुस्तकात ही गाठ कशी लिहिली आहे? मी सांगितलं, खोडाला कुठे इजा झाली, कीड लागली, की तिथले झोपलेले डोळे एकदम जागे होतात. प्रत्येकाला फांदी व्हायचं असतं. पण बाहेर फुटता येत नाही, म्हणून ते आतल्या आत फुटत राहतात आणि गाठ वाढत जाते. नाना बराच वेळ पटाशीला धार लावत राहिले. मग म्हणाले, बरोबर लिहिलंय. त्यानंतर अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यालासुद्धा, ते ही माहिती देत आणि शेवटी म्हणत, आमच्या मॅडमचं असं मत आहे. पुस्तकाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

अक्कांचा राग गाठींवर नव्हता, भुशावर होता. त्यातही निंबाच्या. निंबाची गाठ खरादावर असली की घरातलं सगळं कडू होई. चहा कडू, शेवभाजी कडू, पाण्याचा माठ कडू. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ मळताना अक्का परातीवर पदर धरून बसत. मी वरून खाली जेवायला गेले की त्या आधी विचारत, आज कोणतं झाड शे ते देखीसन उनी ना? म्हणजे खराद बघून आलीस ना, कारण निंब असेल तर वरच खिचडी करून खाल्लेली बरी.

आणि तो उन्हाळा. जळगावचा मे महिना माणसाला सुकवतो, मग लाकडाची काय कथा. ओली गाठ कातली की तिच्यातलं पाणी फार सावकाश निघावं लागतं, सहा महिने, कधी वर्ष. घाई झाली की वाडगा तडकतो. नानांचे सुरुवातीचे सगळे वाडगे असे तडकले. मग त्यांनी जो उपाय काढला तो जळगावातच सुचू शकतो. बाजारात केळीचा व्यापार करणारे एक शेठजी त्यांचे मित्र होते. त्यांचं घराणं मूळ राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथेच गेल्यामुळे अहिराणी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली बोलत. शेठजींकडे केळी पिकवायच्या गार, दमट खोल्या होत्या. नाना अर्धे कातलेले वाडगे केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून क्रेटमध्ये घालत आणि त्या खोल्यांत मागच्या भिंतीला ठेवत. तिथे एकही वाडगा तडकला नाही. वाडग्यांना केळ्याचा वास यायचा, तो काही गेला नाही.

एका वर्षी हमालांनी केळ्यांच्या क्रेटबरोबर नानांचं क्रेटही इंदूरच्या गाडीत चढवलं. शेठजी स्वतः माफी मागायला घरी आले. नाना दुसऱ्या दिवशी पिशवीत चटणी-भाकरी घेऊन इंदूरच्या बसमध्ये बसले. चार वाडगे होते. तीन एका फळवाल्याच्या गाळ्यात तसेच पडलेले मिळाले. चौथा एका भाजीवालीने घेतला होता. त्यात ती लिंबं ठेवायची. नानांनी तिला विचारलं, याला तेल कोण लावतं? ती म्हणाली, मीच, रोज केसांना लावते तेव्हा उरलेला हात यावर फिरवते. नाना तिघांना घेऊन परत आले. चौथा तिथेच राहू दिला. अक्कांना त्यांनी सांगितलं की त्याला चांगलं घर मिळालं.

हे सांगायचं कारण म्हणजे नाना वाडगे विकत नसत, देत. आणि दिल्यावर तपासायला जात. मला दिलेल्या शिसवाच्या वाडग्यात मी कांदे ठेवले होते. एका रविवारी ते वर आले, कांदे एकेक करून टेबलावर मांडले, वाडगा उचलला आणि खाली गेले. दोन महिन्यांनी परत दिला. त्या दोन महिन्यांत त्यांनी माझ्याशी नेहमीसारख्याच गप्पा मारल्या, पण मला शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटत राहिलं.

अशा माणसाला सगळ्या जगातली एकच गाठ खरोखर हवी होती, आणि तीच मिळणं कठीण होतं. ती होती शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावी, त्यांच्या आणि त्यांच्या मोठ्या भावाच्या शेताच्या मधल्या बांधावर. तिथे एक जुना निंब होता. नाना लहान असताना त्याच्यावरची गाठ कवठाएवढी होती. गुरं राखताना ते त्या गाठीला पाठ टेकून बसत. ते कारखान्यात लागले तेव्हा ती घागरीएवढी झाली. मी जळगावात आले तेव्हा ती केवढी होती ते त्यांना माहीत नव्हतं, कारण तोवर सात वर्षं ते गावी गेले नव्हते.

मोठ्या भावाला सगळे आबा म्हणत. वाटणीच्या दिवशी पंचांसमोर नानांनी एवढंच मागितलं होतं की बांधावरचा निंब माझ्या वाट्याला द्या, बदल्यात विहिरीच्या पाळ्यांतली एक पाळी सोडतो. आबा म्हणाले, शहरात राहणाऱ्याला झाड कशाला, हा फक्त न्यायलाच येतो. चार माणसांत म्हणाले. नानांनी कागदावर सही केली आणि उठले. पंचांनी झाड सामाईक ठेवलं. उभं आहे तोवर दोघांची सावली, पडलं तर निम्मं निम्मं. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मुलांच्या लग्नांनासुद्धा आहेर पोचले, माणसं पोचली नाहीत. नाना मला हे सांगत ते एखाद्या तिसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तसं, पटाशीवरची नजर न हलवता. मला त्यांचा राग यायचा. एवढ्या सगळ्या झाडांकडे पायपीट करत जाणारा माणूस शंभर किलोमीटरवरच्या भावाकडे जात नाही, याला काय म्हणायचं? मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, झाडं टोमणे मारत नाहीत.

माझ्या पाचव्या वर्षी, एप्रिल महिन्यात, तिकडे वादळ झालं आणि निंब पडला. अक्कांचं माहेर शेजारच्या गावचं, तिथून फोन आला. अक्कांनी नानांना सांगितलं, तेव्हा ते खरादाजवळ होते. त्यांनी मोटार बंद केली नाही. खरादावर काहीच चढवलेलं नव्हतं, तो नुसता फिरत होता, आणि नाना त्याच्याकडे बघत बसले. टोपी खुंटीवर होती. कोणाचंही झाड पडलं की ती आधी डोक्यावर चढायची, त्या दिवशी ती तिथेच राहिली. मी म्हटलं, मी रजा काढते, आपण गाडी करून जाऊ. त्यांनी मान हलवली, नाही अशी.

चौथ्या दिवशी सकाळी दारात एक टेम्पो उभा राहिला. आबांनी पाठवला होता. चालकाने मागची फळी उघडली आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. त्यात निम्मा निंब होता. अगदी निम्मा. फांद्यांचे ओंडके सारख्या मापाने कापून मोळ्या बांधल्या होत्या. डहाळ्यासुद्धा वाटल्या होत्या, पाला वाळून गळत होता. खोडाचे निम्मे तुकडे होते. आणि सगळ्यात खाली, गोणपाटावर, निम्मी गाठ. मधोमध करवत घालून, दोरीने माप घेऊन, खडूची रेघ मारून कापलेली. कापलेल्या तोंडावर खडूचा पांढरा मागही तसाच होता.

ती गाठ अखंड असती तर खान्देशात तिच्यासारखी दुसरी नसती. पाच माणसांची भाकरी मळता येईल एवढा वाडगा तिच्यातून निघाला असता. नाना त्याच एका वाडग्यासाठी पन्नास वर्षं थांबले होते. आबांनी पंचांचा शब्द पाळला होता आणि करवत बरोबर त्या वाडग्याच्या मधून गेली होती.

"न्याय करा आबानी," नाना म्हणाले. आबांनी न्याय केला, एवढंच.

गाठ अंगणात उन्हात उतरवून घेतली आणि तिला हातही न लावता ते शेडखाली जाऊन बसले. मला वाईट वाटत होतंच, पण जास्त भीती लाकडाची वाटत होती. त्या उन्हात उघडी कापलेली गाठ दोन दिवसांत तडकते, हे मी एव्हाना शिकले होते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि तरी ते उठत नव्हते. दुपारी अक्कांनी एक गोणपाट भिजवलं आणि गाठीवर टाकलं. संध्याकाळी मी टाकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर गोणपाट ओलं होतं आणि अक्का मंदिरात गेलेल्या होत्या. घरात एकटे नानाच होते. त्यानंतर त्यांनी गाठ सावलीत ओढली, कापलेल्या तोंडाला मेण लावलं.

मेण लावून झाल्यावर मात्र ते अस्वस्थ झाले. जेवताना घास हातातच राहायचा. अक्कांना वाटलं प्रकृतीचं काही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, मॅडम, तिकडची अर्धी तडकत असेल. मी म्हटलं, तडकू द्या, तुम्हाला काय? ते म्हणाले, आबाला ओलं गोणपाट ठाऊक नाही. त्याला कोण सांगणार?

मी त्यांच्याकडे पाहिलं. सगळा रुसवा, पंच, टोमणा, करवत, हे सगळं एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला कुठेतरी उन्हात एक लाकूड तडकत होतं. दोन्ही ओझी एकदम उचलायची त्यांच्यात ताकद नव्हती. अक्कांनी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. अकरा वर्षांनंतर भावाशी बोललेले त्यांचे पहिले शब्द मी स्वतः ऐकले.

"आबा, मी बोली ऱ्हायनू. गाठवर वलं गोणपाट टाक. नहीते तडकी जाई."

अक्कांनी फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता. मग आबा म्हणाले, "मनी ऱ्हाऊ दे. तू तुनी सांभाळ."

फोन बंद झाला. नानांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता पुन्हा अकरा वर्षं. पण ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि मला म्हणाले, तुमची रजा निघेल का? त्यांना भावाला भेटायचं नव्हतं, असं ते गाडीत मला आणि अक्कांना तीनदा म्हणाले. त्यांना फक्त गोणपाट टाकायचं होतं. ते त्यांनी भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत सोबत घेतलंही होतं.

आबा ओट्यावर बसले होते. नानांपेक्षा उंच, तसेच काटक, तशाच भुवया. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि "या" म्हटलं, कोणाला म्हटलं ते कळलं नाही. त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणलं. नानांनी तांब्या तोंडाला लावायच्या आधीच नजर फिरवली. गाठ गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलेली होती, खोडाकडची बाजू भिंतीकडे. नाना थेट तिकडे गेले.

"ऱ्हाऊ दे तिले," आबा मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात मला राग ऐकू आला नाही, घाई ऐकू आली.

नानांनी गाठ दोन्ही हातांनी भिंतीपासून वळवली. आत पोकळ होती. आख्खी मूठ जाईल एवढं भगदाड, काळं पडलेलं, कडेने भुसभुशीत, मुंग्या लागलेल्या. निंब आतून कुजला होता म्हणूनच तो वादळात पडला होता, आणि ती कूज गाठीच्या एका बाजूने वर चढली होती. करवत जेव्हा मधून गेली, तेव्हा दोन तुकडे आबांच्या समोर पडले असणार. एक भरीव, एक पोकळ. कोणता कोणाचा हे पंचांनी ठरवलं नव्हतं. जळगावला कोणता गेला हे कोणाला कळणारही नव्हतं.

मला हे समजायला जरा वेळ लागला. नानांना क्षणही लागला नसावा. ते त्या भगदाडात हात घालून तसेच वाकून उभे राहिले. मग सावकाश खाली बसले, गोठ्यातल्या शेणामातीत, धोतराची पर्वा न करता.

"हाई माले काबर नही सांगं?" त्यांनी विचारलं.

आबा ओट्यावरून उठून आले होते. "सांगीसन काय व्हतं," ते म्हणाले. "तुले भरेल पाहिजे व्हती."

त्यानंतर मी आणि अक्का आत गेलो. सूनबाईंनी चहा टाकला होता. बाहेर ते दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, आणि अक्कांनी खिडकीतून बघायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्यांना पाठमोरं वळवलं. आम्ही चहा घेऊन बाहेर आलो, तर भिजवलेलं गोणपाट पोकळ गाठीवर अंथरलेलं होतं आणि दोघं भाऊ त्याची दोन टोकं धरून ते नीट करत होते. त्या दिवशी नाना आमच्याबरोबर परत आले नाहीत. आठ दिवस राहिले. रोज फोन करून अक्कांना विचारत, अंगणातल्या गाठीचं गोणपाट ओलं आहे ना? अक्का म्हणत, माझीही तब्येत विचारा कधी.

परतल्यावर एकदा शेडखाली बसून ते माझ्याशी बोलले. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, मॅडम, टेम्पोतून गाठ उतरवली तेव्हा तिच्या कापलेल्या तोंडावर एका कडेला बोराएवढा काळा डाग होता. मी पाहिला होता. डागाच्या पलीकडे पोकळी असते हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाची गाठ असती तर मी पाहताक्षणी सांगितलं असतं. मी खडूची रेघ बघत बसलो. अकरा वर्षं मी तेच करत आलो. आणि ते रडले. साठ-पासष्ट वर्षांचा माणूस, हातात पॉलिश पेपर, डोळे पुसायला गेले तो सगळा कडू भुसा डोळ्यांत गेला. अक्कांनी पाण्याचा तांब्या आणून दिला.

दोन्ही अर्धी नानांनी कातली. भरीव अर्धीचं काम सोपं होतं. पोकळ अर्धी खरादावर धरणं धोक्याचं होतं, फिरता फिरता तुकडा उडाला तर डोकं फुटेल. त्यांनी मोटारीचा वेग निम्म्यावर आणला आणि दीड महिना रोज थोडं थोडं काढलं. कुजलेलं सगळं कोरून टाकलं, भगदाडाच्या कडा घासून बोट फिरवावं अशा केल्या. आबा त्या काळात दोनदा जळगावला आले आणि शेडखाली खुर्ची टाकून बसले. नुसते बघत. दोघांच्या भुवया भुशाने सारख्याच पिवळट झालेल्या मी वरून पाहिल्या. दोन्ही वाडगे मग केळीच्या पानांत गुंडाळून शेठजींच्या खोलीत गेले. शेठजींनी क्रेटवर लाल रंगाने मोठी फुली मारली आणि हमालांना एकेकाला बोलावून ती दाखवली.

पुढच्या वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. धुळ्याहून शिंदखेडा जवळ, त्यामुळे आबांकडे माझं अधूनमधून जाणं होतं. त्यांच्या घरात देवळीशेजारी फळीवर एक वाडगा आहे. भरीव, अखंड, चारी बाजूंनी डोळेच डोळे, उजेडात धरला तर मधासारखा दिसतो. सूनबाई त्याला दर सणाला तेल लावतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आबांकडे बघितलं. ते म्हणाले, त्यानीच आणीसन ठेवं, मी नही म्हणी ऱ्हायंतू. मग ते दुसऱ्याच विषयावर बोलू लागले.

जळगावला गेले की नानांकडे उतरते. बैठकीत, आल्याबरोबर नजर पडेल अशा जागी, दुसरा वाडगा असतो, मधे आख्खी मूठ जाईल असं भगदाड असलेला. येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघतो. इतके सुंदर वाडगे करणाऱ्या माणसाने घरात हा फुटका का ठेवलाय, असं कोणी ना कोणी विचारतंच. मागच्या खेपेला एक नवा भाडेकरू होता, त्याने विचारलं. नानांनी वाडगा उचलून मांडीवर घेतला आणि त्याची कड अंगठ्याने पुसली.

"हाऊ फुटका नही," ते म्हणाले. "हाऊ मना हिस्साना शे."